पार्श्वभूमी : जाड कवटीचा पॅकीसेफॅलोसॉरस आणि त्याची तीन नावे

पॅकीसेफॅलोसॉरस, स्टिजिमोलॉक आणि ड्रॅकोरेक्स हे डायनोसॉर मुलांच्या पुस्तकांत अजूनही तीन वेगवेगळे प्राणी म्हणून छापले जातात. ड्रॅकोरेक्स सपाट डोक्याचा आणि काटेरी, स्टिजिमोलॉक डोक्यावर हाडाचा छोटा घुमट पण मागे लांब शिंगे असलेला, आणि पॅकीसेफॅलोसॉरस भल्यामोठ्या घुमटाचा, बोथट गाठींचा. तिघांचे अवशेष अमेरिकेच्या एकाच पट्ट्यात, डायनोसॉरयुगाच्या अगदी अखेरच्या खडकांत सापडले. एवढ्या छोट्या भागात एकमेकांशी इतके मिळतेजुळते तीन प्राणी कसे, हा प्रश्न खरे तर आधीच पडायला हवा होता.

नावांचा घोळ मात्र त्याहून जुना आहे. मोंटानात मिळालेल्या कवटीच्या एका तुकड्याला १८७२ मध्ये नाव दिले गेले, पण तो चिलखतधारी प्राण्याच्या पाठीवरचा असावा असे वाटले. तो पॅकीसेफॅलोसॉरसच्या कवटीचा मागचा कोपरा असल्याचे शंभरेक वर्षांनी कळले. दरम्यान १९३१ मध्ये वायोमिंगची एक कवटी दातांच्या साम्यावरून ट्रूडॉन या गटात टाकली गेली. ट्रूडॉन हे नाव ज्या दातावरून दिले होते, तो दुसऱ्याच, मांसाहारी वळणाच्या डायनोसॉरचा निघाला. आजचे नाव १९४३ चे. नियमाने सर्वांत जुने नाव टिकते. पण १९८० च्या दशकात नावांचा निवाडा करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने रुळलेलेच नाव राखले. शहाणपणाचा निर्णय.

खरा वाद २००९ चा. स्टिजिमोलॉक १९८३ मध्ये आणि ड्रॅकोरेक्स २००६ मध्ये स्वतंत्र प्राणी म्हणून नोंदले गेले होते. २००९ मध्ये दोन संशोधकांनी मांडले की ही एकाच प्राण्याची लहान, किशोर आणि प्रौढ रूपे आहेत. यासाठी घुमटाच्या हाडाचा काप काचेवर चिकटवून, आरपार उजेड जाईल इतका पातळ घासतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. वाढत्या हाडात रक्तवाहिन्यांच्या पोकळ्या भरपूर असतात, वाढ थांबलेले हाड घट्ट असते. स्टिजिमोलॉकचा घुमट पोकळ्यांनी भरलेला निघाला, म्हणजे तो अजून वाढत होता. शिवाय तिघांच्या डोक्यावरच्या काट्यांच्या आणि गाठींच्या जागा जुळतात. वय वाढले की घुमट फुगतो आणि शिंगांचे हाड शरीरातच जिरून बोथट होते, असा त्यांचा निष्कर्ष. २०१६ मध्ये वर्णन झालेल्या पिल्लांच्या कवट्यांवरही त्याच जागी गाठी दिसल्या.

आक्षेप अगदीच पोकळ नाहीत. काटेरी नमुने खडकांच्या वरच्या, म्हणजे नंतरच्या थरांतून आलेले दिसतात. त्यामुळे हे काटेरी प्राणी पॅकीसेफॅलोसॉरसचीच पण वेगळी जात असू शकतात. तरीही ‘ड्रॅकोरेक्स’ हा निराळा प्राणी म्हणून मुलांना शिकवणे आता थांबवायला हरकत नाही. त्याची एकमेव कवटी वाढीच्या वयातली आहे.

संपूर्ण सांगाडे इतके थोडे का, याचे कारण घुमटातच आहे. तो भरीव हाडाचा, २० सेंमीहून जाड. त्यात मेंदू नसतो, मेंदू त्याच्याखाली लहानशा पोकळीत असतो. उरलेला सांगाडा नाजूक. नदीच्या प्रवाहात तो विखुरतो, झिजतो आणि घुमट तेवढा उरतो. म्हणून चित्रांतले धड बरेचसे नातेवाइकांच्या सांगाड्यांवरून काढलेले असते.

हे प्राणी घुमटांनी एकमेकांना टकरी देत, ही कल्पना १९५५ च्या सुमाराची. २००४ मध्ये तिला विरोध झाला: घुमटातले धक्का पेलणारे वाटणारे हाडांचे जाळे फक्त लहान वयात दिसते, प्रौढांत नाही. गोल घुमट समोरासमोर आदळले तर घसरतील, हीही अडचण. मात्र २०१३ मध्ये १०९ घुमट तपासले, तेव्हा सुमारे २२ टक्क्यांवर जखम होऊन हाड चिघळल्याच्या खुणा होत्या. तेव्हा डोके कुठेतरी आपटत होतेच. समोरच्याच्या कपाळावर की बरगडीत, एवढाच मतभेद.

२०२५ मध्ये मंगोलियातून या घुमटधारी डायनोसॉरच्या गटाचा सुमारे ११ कोटी वर्षांपूर्वीचा, जेमतेम मीटरभर लांबीचा नातेवाईक जाहीर झाला. पायाच्या हाडांवरून तो पूर्ण वाढलेला नव्हता, पण घुमट तयार होता. म्हणजे नुसता घुमट पाहून वय ठरवता येत नाही. सोबत पायाचे हाडही कापून पाहावे लागते, आणि अमेरिकेतल्या बहुतेक नमुन्यांना तेच नाही.