चार आठवडे उलटले तरी न जाणारा खोकला

सर्दी गेली, ताप उतरला, मूल पुन्हा खेळायला लागलं, पण खोकला मात्र तसाच. मग घरात खोकल्याच्या औषधाची दुसरी, तिसरी बाटली येते. अशा वेळी एक हिशेब माहीत असलेला बरा. सर्दीबरोबर आलेला खोकला निम्म्या मुलांमध्ये १० दिवसांत थांबतो, आणि दहापैकी नऊ मुलं बरी व्हायला २५ दिवस लागतात. म्हणजे अठराव्या दिवशीही खोकणारं मूल खातंपितं असेल, धाप लागत नसेल, ताप नसेल, तर ते बहुधा बरं होण्याच्या वाटेवरच असतं.

एवढा वेळ लागतो तो डागडुजीला. श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरावर अतिसूक्ष्म केसांसारखे तंतू असतात. ते सतत लवलवत कफाचा पातळ थर घशाकडे सरकवत राहतात. सर्दीचे विषाणू या अस्तराची नासधूस करतात. विषाणू गेले तरी नवं अस्तर तयार व्हायला काही आठवडे जातात, आणि तोवर साचलेला कफ बाहेर काढायचं काम खोकल्यालाच करावं लागतं. त्यातच लहान मुलांना वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी होणं नेहमीचंच. एक खोकला संपतो न संपतो तोच दुसरा सुरू होतो आणि ‘दोन महिने खोकतोय’ असं वाटू लागतं. मध्ये काही दिवस खोकला पूर्ण थांबला होता का, हे आठवून पाहा. थांबला असेल, तर ती वेगवेगळी दुखणी आहेत.

एकही दिवस न थांबता खोकला चार आठवड्यांपुढे गेला, तर त्याला लांबलेला खोकला म्हणतात. मोठ्यांसाठी ही मर्यादा आठ आठवड्यांची आहे. इथून पुढे ‘कोणतं सिरप द्यायचं’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘खोकला ओला की कोरडा’ हे विचारायला हवं. लहान मुलं कफ थुंकत नाहीत, गिळतात. त्यामुळे कफ दिसत नाही म्हणून खोकला कोरडा असं ठरवता येत नाही. सकाळी उठल्या उठल्या येणारी उबळ ऐका, खोकताना पाठीवर तळहात ठेवा. आत काहीतरी खदखदल्यासारखं जाणवलं तर खोकला ओला समजायचा. फोनवर अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंग करून ठेवा. दवाखान्यात नेमकं मूल खोकत नाही, आणि डॉक्टरांना वर्णनापेक्षा आवाजाचा उपयोग जास्त होतो.

चार आठवड्यांहून अधिक काळ ओला खोकला, बाकी मूल ठणठणीत, छातीचा एक्स-रे जवळपास स्वच्छ, असं चित्र असेल तर बऱ्याचदा श्वासनलिकांमध्ये जिवाणूंनी ठाण मांडलेलं असतं. हा आजार दमा समजून महिनोन्महिने पंपावर (श्वासातून औषध देणाऱ्या इनहेलरवर) काढला जातो, ही फार खटकणारी गोष्ट आहे. यावर डॉक्टर साधारण दोन आठवड्यांचं अँटिबायोटिक देतात. हे जिवाणू चिकट थराखाली दडून बसतात, म्हणून पाच दिवसांच्या कोर्सने खोकला कमी होतो आणि औषध थांबलं की परत येतो. थोडं बरं वाटलं म्हणून घरीच औषध बंद करू नका, आणि आधीची उरलेली बाटलीही स्वतःहून सुरू करू नका. एकूण चार आठवडे औषध देऊनही ओला खोकला टिकला तर पुढच्या तपासण्या व्हायलाच हव्यात. दुर्लक्षित संसर्गाने श्वासनलिकांच्या भिंती कायमच्या सैल पडू शकतात.

कोरडा खोकला रात्री, पहाटे, पळाल्यावर किंवा हसल्यावर वाढत असेल आणि सोबत छातीतून शिट्टीसारखा आवाज किंवा धाप असेल, तर दम्याचा विचार होतो. नुसता खोकला, बाकी काहीच नाही, असा दमा क्वचितच असतो. पाच-सहा वर्षांपुढचं मूल नळीत जोरात फुंकर मारून फुफ्फुसांची तपासणी करू शकतं. लहान मुलांत डॉक्टर दोन ते चार आठवडे इनहेलर देऊन पाहतात. तो कधी थांबवायचा, ती तारीख पहिल्याच दिवशी विचारून घ्या. फरक पडला नाही तर डोस वाढवत न नेता निदान पुन्हा तपासायचं असतं.

इनहेलर ‘लागू पडत नाही’ असं वाटतं तेव्हा अनेकदा चूक वापरण्यात असते. पंप हलवायचा, स्पेसरला (पंप आणि मास्क यांच्यामधल्या पोकळ नळीला) जोडायचा, मास्क नाकातोंडावर घट्ट बसवायचा. एकदाच दाबून मुलाला पाच-सहा श्वास शांतपणे घेऊ द्यायचे. दुसरा पफ हवा असेल तर अर्ध्या मिनिटाने, पंप पुन्हा हलवून. दोन पफ एकदम दाबले तर औषध स्पेसरच्या भिंतींनाच चिकटतं. रडणाऱ्या मुलाच्या फुफ्फुसात फारच थोडं पोचतं. प्लास्टिकचा स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच वाळू द्या. फडक्याने पुसला की त्यावर स्थिर वीज तयार होते आणि ती औषध ओढून घेते. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरायला लावा.

खोकल्याची काही रूपं आवाजावरून किंवा वेळेवरून लगेच ओळखू येतात. दिवसभर खणखणीत, एकसुरी खोकला आणि झोप लागताच पूर्ण बंद, तर तो बहुधा सवयीचा. मूल नाटक करत नसतं, त्याला रागावू नका. उबळींवर उबळी, शेवटी हूप करून आत ओढलेला श्वास आणि उलटी, हा डांग्या खोकला असू शकतो. खाताना किंवा खेळताना अचानक ठसका लागला आणि तेव्हापासून खोकला सुरू झाला असेल, तर शेंगदाणा किंवा मणी श्वासनलिकेत अडकलेला असू शकतो. एक्स-रे स्वच्छ आला तरी ही शंका मिटत नाही, म्हणून तो प्रसंग डॉक्टरांना आवर्जून सांगा. वजन घटणं, रेंगाळणारा ताप किंवा घरात क्षयरोगी असेल, तर चार आठवडे वाट पाहायची नाही.

सर्दीच्या खोकल्यावर, वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला झोपण्याआधी अर्धा ते एक चमचा मध दिला तर रात्र बरी जाते. वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नको. त्यात असू शकणाऱ्या जिवाणूच्या बीजाणूंमुळे बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. खोकला दाबणाऱ्या सिरपचा लहान मुलांना फायदा नगण्य आणि गुंगीचा धोका खरा. कोडीनचं (अफूच्या वर्गातलं, खोकला दाबणारं) औषध १२ वर्षांखाली देऊच नये. घरातली बिडी-सिगारेट मात्र आजच बंद करा. बाल्कनीत ओढली तरी धूर कपड्यांना चिकटून आत येतो.

श्वास मोजायला शिका. मूल शांत किंवा झोपलेलं असताना पोटाची हालचाल पूर्ण ६० सेकंद मोजायची. दोन महिन्यांखाली मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त श्वास म्हणजे वेग वाढलाय, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणं, ओठ निळे पडणं, पाणीही न पिणं, श्वास मध्येच थांबणं किंवा खोकल्यातून रक्त येणं, यांपैकी काहीही दिसलं तर मोजत बसू नका, लगेच रुग्णालयात न्या.