गर्भारपणातील वेदनाशामके

डोकेदुखी, कंबरदुखी, दातदुखी किंवा ताप यांवर एरवी सहज घेतली जाणारी औषधे गर्भारपणात आई आणि गर्भ या दोघांना कितपत निर्धोक असतात, हा प्रसूतिशास्त्रातला रोजचा प्रश्न आहे. तो बहुधा ‘कोणती गोळी चालेल?’ असा विचारला जातो. पण ‘कितवा आठवडा चालू आहे?’ हे कळल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही. हे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे विसावा आठवडा पुरा होतो तेव्हा प्रत्यक्ष गर्भधारणेला साधारण १८ आठवडेच झालेले असतात.

वार (प्लॅसेंटा) नको ते सारे गाळून उरलेलेच बाळाकडे जाऊ देते, असा समज एके काळी डॉक्टरांमध्येही होता. थॅलिडोमाइडने तो मोडला. हे वेदनाशामक नव्हे, झोपेचे व शामक औषध. १९५७ मध्ये ते पश्चिम जर्मनीत विक्रीला आले आणि उलट्या-मळमळीसाठी गर्भवतींनाही दिले जाऊ लागले. नोव्हेंबर १९६१ मध्ये ते तिथे मागे घेतले गेले, तोवर अनेक देशांत मिळून १०,०००च्या वर बाळे हातापायांच्या व्यंगांसह जन्मली होती. त्यानंतर गर्भवतींना औषधांच्या चाचण्यांतून जवळपास वगळलेच गेले. हेतू चांगला होता, पण त्यामुळे आज हाती असलेली बरीचशी माहिती ज्यांनी औषध घेतलेच होते त्यांच्या नोंदींवरून काढलेली आहे. अशा नोंदींत परिणाम औषधाचा की ज्या दुखण्यासाठी ते घेतले त्या दुखण्याचा, हे वेगळे करणे कठीण जाते.

पॅरासिटामॉल हा सर्व टप्प्यांत पहिला पर्याय मानला जातो. ५०० मिग्रॅ. ते १ ग्रॅम, दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तासांचे अंतर आणि २४ तासांत ४ ग्रॅमची कमाल मर्यादा, हे प्रौढांचे नेहमीचे माप. वजन कमी असेल किंवा यकृताचा आजार असेल तर मर्यादा याहून खाली येते. गर्भारपणात लागेल तेवढेच आणि लागतील तेवढेच दिवस घ्यावे, असा सल्ला देतात. हे औषध वार ओलांडून बाळापर्यंत पोहोचते. २०२१ मध्ये ९१ शास्त्रज्ञ व डॉक्टरांनी मिळून त्याच्या वापराबाबत सावधगिरीचे आवाहन केले होते. स्वमग्नता आणि अवधानाच्या तक्रारी यांच्याशी त्याचा संबंध काही अभ्यासांत दिसला होता. २०२४ मध्ये स्वीडनमधला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १९९५ ते २०१९ या काळात जन्मलेली सुमारे २४.८ लाख मुले होती. सर्व मुलांची सरसकट तुलना केली तेव्हा किंचित संबंध दिसला. एकाच आईच्या एका गर्भारपणात औषध घेतलेले आणि दुसऱ्यात न घेतलेले अशी सख्खी भावंडे ताडून पाहिल्यावर मात्र तो नाहीसा झाला. घर आणि अनुवंश समान धरून केलेली ही तुलना अधिक विश्वासार्ह वाटते. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने स्वमग्नतेचा मुद्दा पुन्हा जाहीरपणे मांडला, तेव्हा युरोपीय औषध संस्थेने आपला सल्ला बदलण्याजोगा पुरावा नसल्याचे सांगितले. या वादात एक गोष्ट मागे पडते: अंगात मुरलेला जोराचा ताप गर्भाला स्वतःच घातक असतो. सुरुवातीच्या आठवड्यांतल्या तापाचा संबंध मेंदू व मज्जारज्जू ज्यापासून घडतात त्या नलिकेच्या व्यंगांशी लावला गेला आहे.

आठवड्याला खरे महत्त्व येते ते आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन या गटात. ही औषधे शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये बनू देत नाहीत. दुखणे आणि सूज उतरते ती त्यामुळेच. पण गर्भाला हीच द्रव्ये दोन कामांसाठी हवी असतात. पहिले काम मूत्रपिंडातला रक्तप्रवाह टिकवण्याचे. साधारण विसाव्या आठवड्यानंतर गर्भजल म्हणजे मुख्यतः बाळाची लघवीच असते. ती घटली की सोनोग्राफीत पाणी कमी दिसू लागते. गोळी थांबवल्यावर ते बहुतेकदा पुन्हा भरते. दुसरे काम हृदयापाशी चालते. गर्भाची फुप्फुसे श्वासासाठी वापरात नसल्याने फुप्फुस धमनीतले बरेचसे रक्त एका आखूड वाहिनीतून थेट महाधमनीत वळते. डक्टस आर्टिरिओसस नावाची ही वाहिनी प्रोस्टाग्लँडिनांमुळे उघडी राहते. ती जन्माआधीच आवळली तर हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो. शेवटच्या तीन महिन्यांत हा धोका वाढत जातो, म्हणून ३० आठवड्यांनंतर ही औषधे टाळण्याची सूचना जुनीच आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२० मध्ये ती रेषा २० आठवड्यांवर आणली. त्यानंतरही डॉक्टरांना द्यावीच लागली, तर कमीत कमी मात्रा, कमीत कमी दिवस, आणि ४८ तासांहून अधिक चालल्यास सोनोग्राफीचा विचार करावा, असे ती सूचना सांगते. पहिल्या महिन्यांत गर्भपाताशी संबंध काही अभ्यासांत आढळला, काहींत नाही. तेव्हाही ती आपणहून घेऊ नयेत हे बरे.

ॲस्पिरिन याच घराण्यातले, पण त्याचे वागणे मात्रेनुसार बदलते. दुखण्यासाठीची ३०० मिग्रॅ. किंवा अधिकची मात्रा गर्भारपणाच्या उत्तरार्धात टाळतात. त्यात वरच्या धोक्यांबरोबर आई आणि बाळ दोघांच्या रक्तस्रावाची भर पडते. उलट ७५ ते १५० मिग्रॅ.ची छोटी गोळी प्री-एक्लॅम्प्सियाचा (गर्भारपणात रक्तदाब वाढून आई-बाळाला घातक ठरू शकणाऱ्या आजाराचा) धोका असलेल्या स्त्रियांना डॉक्टर मुद्दाम, साधारण बाराव्या आठवड्यापासून, रोज देतात. २०१७ च्या एका मोठ्या चाचणीत ३७ आठवड्यांआधी प्रसूती करावी लागेल असा प्री-एक्लॅम्प्सिया १५० मिग्रॅ. घेणाऱ्यांपैकी १.६ टक्के, तर नुसती साखरगोळी घेणाऱ्यांपैकी ४.३ टक्के स्त्रियांना झाला. अशी लिहून दिलेली गोळी ‘ॲस्पिरिन वाईट’ असे कुठेतरी ऐकून परस्पर बंद करणे हीसुद्धा चूकच.

कोडीन, ट्रॅमाडॉल यांसारखी अफूवर्गीय औषधे तीव्र वेदनांसाठी आणि देखरेखीखालीच. दीर्घकाळ घेतल्यास बाळ जन्मल्यावर चिडचिडे होते, थरथरते, नीट दूध ओढत नाही. अर्धशिशीवरचे अर्गोटामाइन मात्र पूर्णपणे वर्ज्य, कारण त्याने गर्भाशय आकुंचन पावते.

प्रत्यक्षात घोटाळा होतो तो जोडगोळ्यांमुळे. पाकिटावर ठळक अक्षरांत असते ते कंपनीने ठेवलेले नाव. बारीक अक्षरांत पॅरासिटामॉलशेजारी आयब्युप्रोफेन किंवा त्याच गटातले ॲसिक्लोफेनॅक बसलेले असते. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असते, मग तापाची वेगळी गोळी घेतली की मात्रा नकळत दुप्पट होते. सांधेदुखीच्या काही गोळ्यांत डायक्लोफेनॅकबरोबर मिसोप्रोस्टॉल असते; त्याने गर्भपात होऊ शकतो. चोळायच्या मलमातले डायक्लोफेनॅकही थोडे रक्तात उतरते.

विसाव्या आठवड्यानंतर नव्याने सुरू झालेली, पॅरासिटामॉलला न जुमानणारी डोकेदुखी गोळ्यांनी दाबून ठेवण्यासारखी नसते. जोडीला डोळ्यांपुढे काजवे चमकणे, उजव्या बरगडीखाली दुखणे, चेहरा-हात एकाएकी सुजणे यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी रक्तदाब व लघवी तपासून घ्यावी लागते. १४०/९० किंवा त्यावरचा रक्तदाब प्री-एक्लॅम्प्सियाचा असू शकतो.

प्रसूतीनंतर हिशेब उलटतो. अंगावर पाजणाऱ्या आईला आयब्युप्रोफेन चालते, कारण दुधात ते फारच थोडे उतरते. आणि दिवस भरण्याआधी जन्मलेल्या काही बाळांची तीच आखूड वाहिनी जन्मानंतरही मिटत नाही, तेव्हा ती बंद करण्यासाठी आयब्युप्रोफेन किंवा त्याच गटातले इंडोमेथासिनच दिले जाते.