स्पेस-ए आणि स्पेस-आर : विमान एकच, रांगा दोन

अमेरिकेच्या सैन्यात जावई, सून किंवा भाचा असलेल्या मराठी घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं : "त्यांना काय, लष्करी विमानातून फुकट जाता येतं." त्यात तथ्य आहे. पण या एका वाक्यात दोन अगदी वेगळ्या सोयी एकमेकींत मिसळून जातात. त्या गोंधळाचा भुर्दंड बहुतेक वेळा लहान मुलं घेऊन परक्या तळावर अडकलेल्या आईला सोसावा लागतो. म्हणून हे जरा सविस्तर.

स्पेस-आर (स्पेस रिक्वायर्ड) म्हणजे ज्याचं जाणं सरकारला गरजेचं आहे, त्याची जागा. जवानाची बदली झाली किंवा त्याला कामगिरीवर पाठवलं की लेखी आदेश निघतो. बदलीच्या आदेशात बायकामुलांची नावं असली तर त्यांच्याही जागा प्रवास कार्यालय आधीच राखून ठेवतं. तारीख ठरलेली, जागा पक्की, खर्च सरकारचा.

स्पेस-ए (स्पेस अव्हेलेबल) म्हणजे ही सगळी माणसं आणि सरकारी सामान चढवून झाल्यावर जी जागा उरते ती. रजेवरचा जवान, त्याचं कुटुंब, निवृत्त सैनिक असे लोक त्यावर बसतात. विमान त्यांच्यासाठी उडत नाही, ते तसंही उडणारच होतं. या एका गोष्टीतून पुढचे सगळे नियम निघतात.

आता गोंधळ कुठे होतो ते पाहू. बरेच जण समजतात की पोटात रणगाडे घेऊन उडणारं करडं विमान म्हणजे स्पेस-ए आणि रांगेत खुर्च्या असलेलं नेहमीचं प्रवासी विमान म्हणजे स्पेस-आर. तसं नाही. अमेरिकी हवाई दलाचा वाहतूक विभाग खासगी कंपन्यांची विमानं भाड्याने घेऊन ठरलेल्या फेऱ्या चालवतो. या सेवेचं नाव पॅट्रियट एक्सप्रेस. बाल्टिमोरहून युरोपकडे आणि सिएटलहून जपान-कोरियाकडे ती जाते. ही विमानं मुख्यतः बदलीवर निघालेल्या कुटुंबांसाठी असतात, पण रिकाम्या राहिलेल्या खुर्च्या स्पेस-ए वाल्यांना मिळतात. उलट एखाद्या सी-17 या लष्करी मालवाहू विमानात भिंतीला लावलेल्या आसनांवर आदेशावर निघालेला सैनिक बसलेला असतो आणि त्याच्या शेजारी रजेवर निघालेलं जोडपं. विमान पाहून कोण कोणत्या सोयीने चाललंय ते कळत नाही. हातातला कागद पाहून कळतं.

पैशांचंही तसंच. स्पेस-ए मध्ये लष्करी विमानाचं भाडं नसतं. पॅट्रियट एक्सप्रेसवर काही सरकारी कर आणि शुल्क भरावं लागतं, ते नेहमीच्या तिकिटाच्या मानाने अगदी किरकोळ. खाण्याचा डबा हवा असेल तर त्याचे थोडे पैसे. मात्र विमान लांबलं, रद्द झालं किंवा जागाच मिळाली नाही, तर हॉटेलचा खर्च स्पेस-ए वाल्याच्या खिशातून जातो.

स्पेस-ए साठी नाव नोंदवायचं ते प्रवासी टर्मिनलवर किंवा ईमेलने. नोंद साठ दिवस टिकते. सेवेतल्या जवानासाठी मात्र रजा संपली की नोंदही संपते, आणि रजा सुरू होण्याआधी त्याला नाव घालता येत नाही. ही नोंद म्हणजे आरक्षण नव्हे, हे पुन्हापुन्हा सांगावंसं वाटतं. आपल्याला रेल्वेची वेटिंग लिस्ट माहीत असते, म्हणून तोच अंदाज इथे लावला जातो. रेल्वेत पुढचे लोक गळतात तसा आपला नंबर वर सरकतो. इथे आपल्या आधीच्या वर्गातला माणूस शेवटच्या दिवशी येऊन थेट वर जाऊन बसू शकतो.

कारण माणसं आधी सहा वर्गांत विभागलेली असतात आणि नोंदीची वेळ फक्त त्या-त्या वर्गाच्या आत मोजतात. पहिल्या वर्गात घरी आणीबाणी ओढवलेले लोक. दुसऱ्यात, खडतर ठिकाणी नेमणूक असल्यामुळे खास रजेवर निघालेले जवान आणि त्यांच्यासोबतचं कुटुंब. तिसऱ्यात साध्या रजेवरचा जवान आणि त्याच्याबरोबरची बायकामुलं. चौथ्या-पाचव्यात बहुतेक करून जवान सोबत नसताना निघालेलं कुटुंब, आणि सहाव्यात निवृत्त सैनिक व त्यांचे घरचे. सहाव्या वर्गातल्या आजोबांनी दीड महिन्यापूर्वी नाव घातलेलं असलं, तरी आज सकाळी रजा सुरू झालेला शिपाई त्यांच्या पुढे जातो.

हुद्द्याला मात्र इथे काही किंमत नाही. एकाच वर्गात कर्नल आणि शिपाई असतील तर ज्याचं नाव आधी, त्याचा नंबर आधी. लष्करासारख्या उतरंडीच्या संस्थेत ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

सगळ्यात अवघड जागा आणीबाणीची. दोन्ही सोयी तिथे एकमेकींना येऊन भिडतात आणि माणसाचं डोकं नेमकं तेव्हाच ठिकाणावर नसतं. समजा जर्मनीत नेमणूक असलेल्या जवानाचे वडील अमेरिकेत अतिदक्षता विभागात आहेत. सहसा रेड क्रॉस बातमीची खातरजमा करून ती त्याच्या तुकडीला कळवतो. परदेशी नेमणूक असेल तर बऱ्याचदा सरकारी खर्चाने प्रवासाचा आदेश मिळतो, आणि तो मिळाला की माणूस स्पेस-आर झाला. रजा मिळाली पण खर्चाचा आदेश नाही, तर तो स्पेस-ए च्या पहिल्या वर्गात. पहिल्या वर्गाचा क्रमही वरचाच असतो, पण अखेर तो उरलेल्या जागेचाच क्रम. म्हणून टर्मिनलकडे धाव घेण्याआधी तुकडीच्या कार्यालयाला एकच प्रश्न विचारायचा : माझ्या प्रवासाचा खर्च आदेशात आहे का? त्या उत्तरावर पुढचे दोन दिवस अवलंबून असतात.

जागावाटप कसं होतं ते टर्मिनलवर उभं राहून पाहिलं की बाकीचं आपोआप समजतं. उड्डाणाच्या आधीच्या चोवीस तासांत हजेरी लावावी लागते. नुसतं नाव नोंदवून घरी बसलेल्या माणसाला कुणी बोलवत नाही. मग ठरलेल्या वेळी रोल कॉल. समजा, फलकावर वीस जागा लिहिल्या आहेत. दर तीन दिवसांच्या वेळापत्रकात अशा जागा कधी पक्क्या, कधी अंदाजाने दाखवतात, पण पक्क्या म्हणून दाखवलेल्याही ऐनवेळी कमी होऊ शकतात. कर्मचारी वरच्या वर्गापासून नावं पुकारू लागतो. एक माणूस, दोन माणसं, एक आई आणि बाळ. तिसऱ्या वर्गापर्यंत येईतो तीन जागा उरतात आणि पुढचं कुटुंब चौघांचं असतं. विभागून जाणार का, असं विचारतात. नको म्हटलं की त्या जागा मागच्याला जातात. चौघांचं सामान आवरलेलं असतं, मुलांना आज जायचं म्हणून सांगितलेलं असतं, आणि पुढच्या विमानाची वेळ उद्या संध्याकाळची. स्पेस-आर वाल्या कुटुंबावर ही पाळी येत नाही. त्यांच्या चार जागा रोल कॉलच्या आधीच बाजूला काढलेल्या असतात.

मे ते ऑगस्ट आणि नाताळच्या सुट्टीत ही गर्दी सर्वांत जास्त. बदल्याही उन्हाळ्यातच होतात, म्हणजे स्पेस-आर वाले वाढतात आणि उरणाऱ्या जागा आटतात. शाळेच्या सुट्टीत मुलांना घेऊन स्पेस-ए ने जायचं ठरवणं म्हणजे मुद्दाम सर्वांत अवघड वेळ निवडणं. शक्य असेल तर फेब्रुवारी किंवा ऑक्टोबर बरा.

सामानाचं थोडक्यात : दोन्हीकडे साधारणपणे माणशी दोन नग, प्रत्येकी 70 पौंड, म्हणजे सुमारे 32 किलोपर्यंत. लहान विमानात मात्र 30 पौंडांवर समाधान मानावं लागतं. कुत्रा-मांजर घेऊन जाण्याची मुभा पॅट्रियट एक्सप्रेसवर बदलीवर निघालेल्यांनाच. स्पेस-ए ने जाताना प्राण्यांची सोय घरीच करावी लागते.

विमानाच्या आत काय असेल तेही आधी माहीत असावं. सी-5 या प्रचंड मालवाहू विमानात वरच्या मजल्यावर 73 खुर्च्या असतात आणि सगळ्यांची तोंडं विमानाच्या शेपटाकडे. सी-17 मध्ये भिंतीलगतची आसनं, समोर जाळ्यांनी बांधलेला माल आणि इंजिनाचा असा घरघराट की कानांत बोळे घालावेच लागतात. हवेत इंधन भरणाऱ्या केसी-135 मध्ये पाय गारठतात, म्हणून अनुभवी लोक स्लीपिंग बॅग बरोबर ठेवतात आणि परवानगी मिळाली की खाली पथारी पसरतात. उघड्या चपला चालत नाहीत. लहान मुलांना या सगळ्याची गंमत वाटते, हे मात्र खरं.

परतीच्या प्रवासाचा विचार निघण्याआधी करायला हवा. स्पेस-आर वाल्याचा पुढचा टप्पा आदेशातच लिहिलेला असतो. स्पेस-ए मध्ये जाण्याची जागा मिळाली म्हणून येण्याची मिळेलच असं नाही. त्यातच मधल्या थांब्यावर आदेशावरची माणसं किंवा माल चढला तर स्पेस-ए वाल्याला उतरवलं जाऊ शकतं. त्याची नोंदीची मूळ वेळ कायम राहते, पण घरी पोहोचवण्याची जबाबदारी सरकार घेत नाही. नियमच सांगतो की परतीच्या नेहमीच्या तिकिटाचे पैसे जवळ असावेत. माझ्या मते ते पैसे बाजूला काढून ठेवता येत नसतील तर या वाटेला जाऊच नये. सोमवारी कामावर हजर व्हायचं असलेल्या माणसाने शनिवारच्या स्पेस-ए वर भिस्त ठेवणं धोक्याचं आहे.

आपल्याकडच्या कुटुंबांसाठी आणखी एक गाठ आहे. जवानाची बायको किंवा नवरा भारतीय पासपोर्टवर असेल, तर ग्रीन कार्ड असूनही जर्मनी किंवा स्पेनसाठी शेंगेन व्हिसा लागतो आणि ब्रिटनसाठी वेगळा. जर्मनीतल्या रामस्टाइन तळाला जागा नाही, पण इंग्लंडमधल्या मिल्डनहॉलला आहे, अशी वेळ स्पेस-ए मध्ये नेहमी येते. अमेरिकी पासपोर्टवाले त्या विमानात व्हिसाशिवाय बसू शकतात, भारतीय पासपोर्टवाल्याला हातातली जागा सोडावी लागते. जिथे जायचं ठरवलं त्या एकाच देशाचा नव्हे, तर जिथे-जिथे उतरावं लागू शकतं त्या सगळ्या देशांचा व्हिसा आधी पाहावा. बदलीच्या प्रवासात देश आधीच ठरलेला असतो, त्यामुळे ही कागदपत्रं वेळेत होतात.

आणि भारतातून भेटायला आलेले आई-वडील? जवानावर अवलंबून असल्याचं लष्करी ओळखपत्र त्यांच्याकडे नसेल तर त्यांना स्पेस-ए नाही. मुलगा बरोबर आहे म्हणून चालत नाही. अठरा वर्षांखालच्या नातवंडांनाही पात्र पालकाशिवाय जाता येत नाही. मुंबई-पुण्याकडे येणारी अशी नियमित प्रवासी फेरी नाहीच. ज्यांना इकडे यायचं असतं त्यांना फार तर जर्मनी किंवा जपानपर्यंतचा टप्पा स्पेस-ए ने गाठता येतो. तिथून पुढे नेहमीचं तिकीट काढायचं, आणि तेही तारीख बदलता येईल असं.