रंगमंचीय दिव्यांचे कनेक्टर : निवड, जोडणी आणि निगा

प्रयोग रंगात आलेला असताना एखादा दिवा मिणमिणू लागला, की पहिला संशय दिव्यावर आणि दुसरा डिमरवर, म्हणजे दिव्याचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या उपकरणावर, घेतला जातो. आमच्याकडे दुरुस्तीसाठी येणाऱ्या केबली उघडल्यावर मात्र दोष पुष्कळदा कनेक्टरमध्येच, म्हणजे केबलच्या टोकाच्या प्लग-सॉकेटमध्येच, सापडतो. सैल झालेला एखादा स्क्रू किंवा दबून गेलेली एखादी पिन त्यामागे असते. म्हणून कनेक्टर कसा निवडावा आणि कसा सांभाळावा, हे ग्राहकांना नीट समजावून सांगणे आम्हाला आवश्यक वाटते.

जोड सैल झाला की त्या जागी विरोध वाढतो आणि विरोध वाढला की उष्णता निर्माण होते. दोन हजार वॅटचा दिवा २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. अशा वेळी पिन आणि सॉकेट यांच्यामधला विरोध केवळ ०.१ ओहम असला, तरी त्या एका ठिकाणी साडेसात वॅट उष्णता सतत तयार होत राहते आणि बंदिस्त कवचातून ती सहजासहजी बाहेर पडत नाही. तोच दिवा १२० व्होल्टचा असेल, तर प्रवाह जवळजवळ दुप्पट होतो आणि उष्णता २८ वॅटच्या आसपास जाते. तापल्यामुळे सॉकेटमधील स्प्रिंगचा ताण कमी होतो, पकड आणखी ढिली पडते आणि जोड आणखी तापतो. सैल जोड आपोआप सुधारत नाही, तो बिघडतच जातो, हे कृपया लक्षात घ्यावे.

कनेक्टरचे प्रकार देशागणिक बदलतात. ब्रिटिश नाट्यगृहांत गोल पिनांचा १५ अँपिअरचा प्लग रूढ आहे. त्या प्लगमध्ये फ्यूज नसतो, कारण संरक्षण डिमरपाशीच दिलेले असते आणि दिवे टांगण्याच्या उंच बारवरच्या दिव्याचा फ्यूज बदलण्यासाठी प्रयोगाच्या मध्यात कोणालाही शिडी चढावी लागू नये, हेच इष्ट आहे. युरोपात निळ्या रंगाचा १६ अँपिअरचा गोल औद्योगिक प्लग बऱ्याच ठिकाणी दिसतो. त्याचा निळा रंग २०० ते २५० व्होल्टची खूण असून, लाल रंगाचा प्लग त्याहून अधिक व्होल्टेजच्या थ्री-फेज पुरवठ्यासाठी असतो. उत्तर अमेरिकेतील स्टेज पिन हा चपट्या ठोकळ्यासारखा असून त्यात एका रांगेत तीन पितळी पिना असतात. मधली पिन अर्थिंगची असते आणि ती बरोबर मध्यावर नसून न्यूट्रलच्या बाजूला थोडी सरकवलेली असते, त्यामुळे प्लग उलटा बसत नाही. या पिनांना उभी चीर असते. वापराने ती चीर मिटत जाते आणि पकड सुटते. त्यासाठी मिळणाऱ्या खास हत्याराने पुरवठा तोडून चीर हलकेच रुंद करावी. सुरीच्या टोकाने हे काम करू नये, कारण पितळ एकदा तडकले की ती पिन निकामी होते.

सहा दिवे एकाच जाड केबलने न्यायचे असल्यास १९ पिनांचा मल्टीकोर, म्हणजे एकाच केबलमधील अनेक तारांसाठीचा, कनेक्टर वापरतात. प्रत्येक सर्किटला फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग अशा तीन पिना मिळून अठरा पिना कामी येतात. हा कनेक्टर चालू स्थितीत कधीही ओढू नये.

एलईडी दिव्यांवर आढळणारा न्यूट्रिक कंपनीचा पॉवरकॉन हा वीजपुरवठ्याचा कनेक्टर फिरवून अडकवावा लागतो, त्यामुळे तो ओढला गेला तरी सुटत नाही. निळा भाग वीज आत घेण्यासाठी आणि राखाडी भाग पुढच्या दिव्याला वीज देण्यासाठी असतो. हे दोन्ही एकमेकांच्या जागी बसत नाहीत. मात्र २० अँपिअरचा मूळ पॉवरकॉन लोड चालू असताना जोडण्यासाठी किंवा काढण्यासाठी बनवलेला नाही. ती सोय नंतरच्या १६ अँपिअरच्या ट्रू वन मालिकेत आहे. दिसायला जवळचे असले, तरी हे दोन प्रकार परस्परांत बसत नाहीत. खरेदीपूर्वी आपल्या दिव्यावरील सॉकेट नीट पाहून घ्यावे. असे एलईडी दिवे डिमरच्या सर्किटवर न लावता थेट पुरवठ्यावर लावावेत, असा आमचा आग्रह आहे.

केबलला प्लग जोडताना आतील अर्थिंगची तार इतर दोन तारांपेक्षा थोडी लांब ठेवावी. केबलला हिसका बसून पकड सुटलीच, तर फेज आधी निसटते आणि अर्थिंग सर्वांत शेवटी तुटते. पकडीचा क्लॅम्प बाहेरच्या आवरणावर बसला पाहिजे, आतील रंगीत तारांवर नव्हे. स्क्रूखाली जाणाऱ्या तारेच्या टोकाला शिसे-कथिलाचे डाग देण्याची सवय आम्ही आवर्जून सोडायला सांगतो, कारण ते मऊ मिश्रण दाबाखाली हळूहळू सरकते आणि घट्ट आवळलेला स्क्रू काही महिन्यांत ढिला होतो. त्याऐवजी तारेच्या टोकाला धातूची नळी दाबून बसवावी.

नियंत्रणाच्या डीएमएक्स केबलला, म्हणजे दिव्यांपर्यंत आज्ञांचे संकेत नेणाऱ्या केबलला, पाच पिनांचा एक्सएलआर हा गोल कनेक्टर असतो. तेथे मायक्रोफोनची केबल वापरू नये आणि साखळीतील शेवटच्या उपकरणावर १२० ओहमचा टर्मिनेटर, म्हणजे आत रोधक बसवलेला प्लग, लावावा.

प्लग जळाल्यास केवळ प्लग बदलून भागत नाही. ज्या सॉकेटमध्ये तो होता, ते सॉकेटही बदलावे, अन्यथा नवा प्लगही त्याच मार्गाने जाईल. तांबे काळे पडलेले असेल, तर ते स्वच्छ व लकाकते दिसेपर्यंत केबल मागे कापावी आणि मगच नवी जोडणी करावी. अशी केबल आमच्याकडे पाठवताना जळालेला भाग कापून टाकू नये. तो पाहिल्यावर दोष कोठून सुरू झाला हे आम्हाला सांगता येते.