कामावरून काढणं सोपं झालं की बेरोजगारी वाढते का?

कामगार कायदा सैल होणार अशी बातमी आली की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो आता सगळ्यांना नारळ मिळणार, दुसरा म्हणतो आता नोकऱ्यांचा पाऊस पडणार. दोन्ही बाजू छातीठोकपणे बोलतात आणि दोन्ही अर्धंच बघतात.

बेरोजगारी म्हणजे एक टाकी समजा. नोकरी गेलेले वरच्या नळातून आत येतात, नोकरी मिळालेले खालच्या नळातून बाहेर जातात. काढणं अवघड केलं की वरचा नळ बारीक होतो हे सगळ्यांना कळतं, पण खालचाही होतो! कारण माणूस घेतानाच मालक हिशोब करतो, की उद्या धंदा बसला आणि याला सोडावं लागलं तर भरपाई किती, कोर्टात किती वर्षं जातील, आणि मग तो आहे त्याच माणसांकडून ओव्हरटाइम करून घेतो.

आता थोडं गणित, मला यातला हाच भाग सगळ्यात आवडतो. समजा दर महिन्याला नोकरदारांपैकी 2 टक्के लोकांची नोकरी जाते आणि बेरोजगारांपैकी 38 टक्क्यांना मिळते. बेरोजगारीचा दर कुठे स्थिरावेल? नोकरी जाण्याचा दर भागिले दोन्ही दरांची बेरीज, म्हणजे 2 भागिले 40, म्हणजे 5 टक्के. आता कायदा कडक झाला आणि दोन्ही दर निम्मे झाले, 1 आणि 19, तर 1 भागिले 20, परत 5 टक्केच. पण आधी नवी नोकरी मिळायला सरासरी 2.6 महिने लागायचे, आता 5.3 लागतात. ज्यांच्याकडे नोकरी आहे ते निर्धास्त, आणि जे बाहेर आहेत, म्हणजे नुकतेच शिकून बाहेर पडलेले किंवा मुलांसाठी काही वर्षं घरी थांबलेल्या बायका, ते दुप्पट काळ ताटकळत. हेडलाइनमधल्या एका आकड्यात हे दिसतच नाही. प्रत्यक्षात दोन्ही दर असे बरोब्बर सारखे घटत नाहीत, बेन्तोलिला आणि बेर्तोला या अर्थतज्ज्ञांनी 1990 मध्ये मांडलेल्या मॉडेलमध्ये तर काढण्याच्या खर्चाचा परिणाम भरतीपेक्षा कपातीवर जास्त पडतो, कारण भरतीच्या वेळी तो खर्च लांबचा आणि अनिश्चित असतो, काढताना मात्र तो समोर उभा असतो.

खरा घोळ होतो अर्धवट सुधारणेत. स्पेनने 1984 मध्ये कायम नोकऱ्यांचं संरक्षण तसंच ठेवून तात्पुरत्या करारांना मोकळं रान दिलं. ठरलेली मुदत संपली की माणूस कायम करायचा किंवा सोडायचा, मग कंपन्या त्याला सोडून नवा घ्यायच्या. 1990 च्या दशकात जवळपास एक तृतीयांश कर्मचारी तात्पुरते होते आणि 2008 नंतरच्या मंदीत पहिली कुऱ्हाड त्यांच्यावरच पडली. 2012 मध्ये तिथे अन्यायकारक बडतर्फीची भरपाई दर वर्षाच्या नोकरीमागे 45 दिवसांच्या पगारावरून 33 वर आणली, पण तेव्हा मंदी होती, आणि मंदीत काढणं स्वस्त झालं की कपात आधी दिसते, भरती मागणी परतल्यावरच. म्हणून सुधारणेनंतर वर्षभरात तिचा निकाल लावणं मला चूक वाटतं.

2021 च्या अखेरीस स्पेनने तात्पुरते करारच आवळले आणि त्यांचं प्रमाण झपाट्याने घटलं. त्यातले बरेच जण आता हंगामी-कायम करारावर आहेत, म्हणजे करार कायमचा, काम मात्र हंगामापुरतं, आणि हंगाम नसताना ते सरकारी नोंदणीतल्या बेरोजगारांमध्ये धरले जात नाहीत.