आमचा जाड स्लॅब फॉन्ट: कुठे शोभतो, कुठे नाही

फॉन्ट घेतल्याबद्दल मनापासून थँक्यू! इन्स्टॉल करायच्या आधी हे पान एकदा वाचून घ्या, कारण ह्या फॉन्टचा स्वभाव कळला की तो दोन शब्दांत अख्खं पोस्टर उभं करतो आणि नाही कळला तर सगळं डिझाइन जड होऊन बसतं.

कॅपिटल एच टाइप करून मोठा करून बघा. उभ्या दांडीच्या वर-खाली ज्या आडव्या पट्ट्या दिसतात ना, त्या सेरिफ, आणि इथे त्या जवळजवळ दांडीइतक्याच जाड आहेत, टोकं सरळ चौकोनी कापलेली, अशा जाड सेरिफलाच स्लॅब म्हणतात. लंडनमध्ये छपाईचे टाइप बनवणाऱ्या व्हिन्सेंट फिगिन्सने १८१५ च्या सुमारास अशी अक्षरं छापखान्यांसाठी आणली, तेव्हा भिंतींवर जाहिराती वाढत होत्या आणि पुस्तकातली नाजूक अक्षरं लांबून दिसायची नाहीत. पुढे १८४५ मध्ये क्लॅरेंडन नावाचा स्लॅब फॉन्ट आला, त्यात पट्टी दांडीला मिळते तिथे छान गोलाई आहे, आणि १९३४ चा रॉकवेल फॉन्ट मात्र एकदम सरळ, भूमितीतला. आमचा फॉन्ट रॉकवेलच्या घरातला म्हणा, फक्त अजून जाड.

वापरायचा तो मोठाच. पोस्टरची हेडिंग, दुकानाची पाटी, पॅकेटवरचं नाव, टीशर्ट, जर्सीवरचे नंबर, इथे तो खरंच सुंदर दिसतो. बारीक रेषा कुठेच नसल्यामुळे व्हिनाइल कटिंगला, भरतकामाला, रबरी शिक्क्यालाही चांगला, काही तुटत नाही. पण लहान साइजला स्मॉल ए, ई, एस ह्यांच्या पोटातली जागा भरून जाते, त्यात छपाईची शाई थोडी पसरतेच, मग नुसते काळे ठिपके दिसतात. म्हणून पॅराग्राफ ह्यात लावू नका प्लीज, खालच्या मजकुराला एखादा साधा, बिनसेरिफचा रेग्युलर फॉन्ट घ्या, दोन्ही जाड घेतले की नजर कुठेच थांबत नाही.

स्पेसिंगकडे मात्र नीट लक्ष द्या, आमच्या मते निम्मं काम तिथेच आहे. मोठ्या साइजला अक्षरं थोडी जवळ आणा, पट्ट्या एकमेकींना जवळपास टेकल्या की शब्द एकसंध ठोकळ्यासारखा दिसतो, पण एल नंतर टी किंवा ए नंतर व्ही आला की त्या जोड्या हाताने बघाव्याच लागतात, एकच आकडा सगळीकडे टाकून चालत नाही. काळ्यावर पांढरं करणार असाल तर अंतर किंचित वाढवा, पांढरी अक्षरं डोळ्याला अजून जाड वाटतात.

आणि बोल्डचं बटण दाबू नका, फॉन्ट आधीच बोल्ड आहे, सॉफ्टवेअर वरून अजून जाडी चढवतं आणि कोपरे बिघडतात. आडवं ताणणंही नको, उभ्या दांड्या फुगतात, पट्ट्या तेवढ्याच राहतात आणि स्लॅबची मजाच जाते. रुंद हवा असेल तर साइज वाढवा नाहीतर शब्द कमी करा.

प्रेसला फाइल देताना अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे नुसत्या आकारांत बदलून द्या, म्हणजे त्यांच्याकडे हा फॉन्ट नसला तरी अडत नाही, मात्र मजकूर बदलता येईल अशी मूळ फाइल स्वतःकडे वेगळी सेव्ह ठेवा.