बाहेरच्या ग्रिलसाठी लाकडी शेल्फ: मागणी नोंदवण्यापूर्वी कृपया वाचावे

गच्चीवर किंवा अंगणात बार्बेक्यू ग्रिल ठेवणाऱ्या ग्राहकांची अडचण बहुधा एकच असते. ग्रिलसोबत आलेली पत्र्याची फळी ताट, मसाल्याची वाटी, चिमटा आणि सळया एकत्र ठेवण्याइतकी मोठी नसते आणि कोळसा पेटल्यावर हात लावता येणार नाही इतकी तापते. त्याऐवजी मापाने बनवलेले लाकडी शेल्फ निश्चितच सोयीचे ठरते; मात्र ठाणे-नवी मुंबईच्या हवेत आणि निखाऱ्यांच्या शेजारी लाकूड टिकवायचे असेल, तर त्याची बांधणी घरातल्या फर्निचरसारखी करून चालत नाही.

पहिला विचार उष्णतेचा करावा लागतो. लाकूड साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास पेट घेते आणि फुललेल्या कोळशाचे तापमान ६०० अंशांच्याही वर जाते. शिवाय पेट न घेताही, पुन्हा पुन्हा तापत राहिलेले लाकूड काळवंडते, ठिसूळ होते आणि उकलते. म्हणून आम्ही लाकूड ग्रिलच्या भांड्याला कधीही टेकवत नाही. मध्ये मोकळी जागा सोडून स्टेनलेस स्टीलचा पत्रा उभा करतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी हवा खेळती ठेवतो. ज्वलनशील वस्तू ग्रिलपासून किती लांब असाव्यात, हे उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेले असते. तेच अंतर आम्ही प्रमाण मानतो आणि ते जास्त असल्यास शेल्फ ग्रिलला न जोडता स्वतंत्र पायांवर उभे करतो. झाकण कोणत्या बाजूला उघडते आणि गरम वाफ कुठून बाहेर पडते, हेही आम्ही जागेवर पाहून घेतो.

दुसरा आणि आमच्या मते अधिक महत्त्वाचा विचार पावसाचा आहे. आपल्या भागात जून ते सप्टेंबर या काळात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. कितीही चांगले पॉलिश केले तरी एवढ्या पावसात लाकडाला पाणी लागणारच. तेव्हा लागलेले पाणी झटकन निघून जावे अशी रचना करणे हाच खात्रीचा उपाय आहे. फळी रुंदीच्या दिशेने फुगते. सहा इंच रुंदीची सागवानी फळी मे महिन्याच्या तुलनेत ऑगस्टमध्ये एक ते दोन मिलिमीटर रुंद झालेली असू शकते, आणि चारही बाजूंनी घट्ट बसवली असेल तर ती पिळते किंवा तडकते. यासाठी आम्ही सलग फळी न वापरता अडीच ते तीन इंचांच्या पट्ट्या लावतो आणि दोन पट्ट्यांमध्ये दोन सूत (पाव इंच) फट ठेवतो. स्क्रू खालून, ब्रॅकेटच्या लांबट भोकांतून बसवतो, म्हणजे पट्टीला सरकायला वाव राहतो आणि वरच्या बाजूला पाणी मुरायला भोकच उरत नाही. पट्टी जिथे आडवी कापलेली असते त्या टोकांतून पाणी सर्वांत वेगाने शिरते, म्हणून टोकांना तेलाचे जादा हात दिले जातात.

लाकूड आम्ही सागाच्या गाभ्याचेच वापरतो. सालीकडचे फिकट लाकूड कीड आणि बुरशी यांना लवकर बळी पडते. काही ग्राहक खर्च वाचवण्यासाठी मरीन प्लाय आणि वर सनमायका सुचवतात. हा प्लाय स्वयंपाकघरात उत्तम टिकतो, परंतु ग्रिलजवळ सनमायका फुगून सुटतो आणि उघड्या कडांतून पाणी आत जाते. त्यामुळे तो पर्याय आम्ही सुचवत नाही. साधे लोखंडी स्क्रू गंजून सागावर काळे ओघळ सोडतात. वाशी, नेरुळ, ऐरोली अशा खाडीलगतच्या भागांत तर ३०४ ऐवजी ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील घ्यावे, कारण त्यातील मॉलिब्डेनममुळे ते खाऱ्या हवेत अधिक टिकते.

पृष्ठभागावर जाड थर धरणारे पॉलिश आम्ही लावत नाही. उन्हाने त्याला तडे जातात आणि आत गेलेले पाणी तिथेच अडकते. त्याऐवजी मुरणारे तेल लावतो. पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीच्या सुमारास हलका पॉलिश पेपर मारून तेलाचा एक हात द्यावा, एवढी देखभाल पुरते. अळशीचे तेल वापरल्यास तेलाने भिजलेली फडकी चुरगळून ठेवू नयेत, कारण ती आपोआप तापून पेटू शकतात. ती उघड्यावर पसरून वाळवावीत. कच्चे मासे किंवा मटण थेट लाकडावर न ठेवता वेगळ्या ताटात ठेवावे. पावसात ताडपत्री घालताना ती खालून मोकळी सोडावी, कारण गुंडाळून बांधलेल्या ओल्या लाकडाला बुरशी हमखास लागते.

दोन कामे आम्ही स्वीकारत नाही. गॅस सिलिंडरभोवती चहूबाजूंनी बंद कपाट आम्ही बनवत नाही, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाल्यास तो तळाशी साचून राहतो. खालून उघडी चौकट मात्र अवश्य करून देऊ. तसेच काचा लावून बंद केलेल्या बाल्कनीतील कोळशाच्या ग्रिलसाठी आम्ही शेल्फ देत नाही, कारण तेथे कार्बन मोनॉक्साइड साचून जिवाला धोका होऊ शकतो. गच्ची सामाईक असल्यास सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्यावी.

मागणी नोंदवताना ग्रिलचा समोरून आणि दोन्ही बाजूंनी काढलेला फोटो, उत्पादकाची पुस्तिका आणि ग्रिल ठेवण्याच्या जागेची लांबी-रुंदी कळवावी. अंतिम माप आमचा सुतार प्रत्यक्ष येऊन घेईल. त्या वेळी ग्रिल नेहमीच्या जागी आणि पूर्ण थंड असावी.